एडिसन आणि न्यू जर्सी: स्कूल डिस्ट्रिक्टची राज्याशी तुलना नीट कशी करावी

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न बेडरूम किती हा नसतो. "स्कूल्स कशा आहेत?" हा असतो. उत्तरादाखल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहापैकी नऊ, दहापैकी सात असे आकडे येऊन पडतात. हे आकडे बहुतेक घरविक्रीच्या साइटवरून उचललेले असतात. ग्रेटस्कूल्ससारख्या संस्थेने सरकारी माहिती घेऊन, त्यावर स्वतःचं गणित मांडून ते काढलेले असतात. त्या गणितात काय धरलं आणि काय सोडलं, हे फार थोडे लोक बघतात. मूळ माहिती मात्र राज्याचा शिक्षण विभाग दर वर्षी फुकट देतो, आणि एखादा शनिवार काढला तर कुणालाही ती वाचता येते.

उदाहरणासाठी मी एडिसन घेते. मिडलसेक्स काउंटीतलं हे गाव, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,०७,५८८. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडमुळे आपल्याकडे कुणाला नव्याने ओळख करून द्यायला नको. बालवाडीपासून बारावीपर्यंतचं एकच डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणारी एकच यंत्रणा, आणि दोन हायस्कूलं: एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स. रीत मात्र राज्यातल्या कुठल्याही गावाला तशीच लागू पडेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. "आमचं डिस्ट्रिक्ट राज्यापेक्षा २० टक्क्यांनी पुढे आहे" या वाक्यात शाळेचं कर्तृत्व किती आणि त्या गावातल्या आईबापांच्या पगाराचं किती, हे वेगळं केल्याशिवाय तुलना झाली असं म्हणू नये. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

पायरी पहिली: डिस्ट्रिक्ट कोणतं, हे पत्त्यावरून ठरवू नका

ऐकायला बाळबोध वाटेल, पण इथेच लोक फसतात. न्यू जर्सीत सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट्स आहेत आणि टपालाचा पत्ता त्यांच्या हद्दी पाळत नाही. प्रिन्स्टन जंक्शन असा पत्ता असलेलं घर प्रिन्स्टनच्या शाळांत जात नाही. ते वेस्ट विंडसरमध्ये येतं आणि मुलं वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या संयुक्त डिस्ट्रिक्टमध्ये जातात. मेटचन चारी बाजूंनी एडिसनने वेढलेलं आहे, पण त्याचं डिस्ट्रिक्ट स्वतंत्र आहे. क्रॅनबरीत आठवीपर्यंतच शाळा आहे. पुढे मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात, म्हणजे क्रॅनबरीचा विचार करताना दोन डिस्ट्रिक्ट्सचे अहवाल वाचावे लागतात.

प्रॉपर्टी टॅक्सचं बिल कुठली नगरपालिका पाठवते ते बघा, आणि मग डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला रस्त्याचं नाव सांगून कुठली प्राथमिक, कुठली मिडल आणि कुठलं हायस्कूल लागतं ते विचारून घ्या. एजंटचं "याच शाळेत जातात" हे पुरेसं नाही. वर्गसंख्या वाढली की हद्दी बदलतात.

पायरी दुसरी: अहवाल उघडा

शिक्षण विभागाच्या साइटवर 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट्स' नावाचा भाग आहे. काउंटी, डिस्ट्रिक्ट आणि शाळा निवडली की अहवाल उघडतो. डिस्ट्रिक्टचा अहवाल वेगळा आणि प्रत्येक शाळेचा वेगळा. बहुतेक तक्त्यांत आपल्या आकड्याशेजारीच राज्याचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे तुलना आयती तयार मिळाली असं वाटतं. त्या आयत्या तुलनेपाशीच बहुतेक जण थांबतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अहवाल मागच्या शालेय वर्षाचा असतो, आणि तो येईपर्यंत पुढचं वर्षही सरत आलेलं असतं. दुसरं, जिथे आकड्याऐवजी चांदणी दिसते तिथे त्या गटातली मुलं इतकी कमी आहेत की त्यांची ओळख उघड होईल म्हणून आकडा झाकलेला आहे. चांदणीचा अर्थ शून्य नाही.

घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तक्ताही या अहवालात असतो. निर्णयाला त्याचा फार उपयोग नाही, पण आपल्या मंडळींना तो उघडल्याशिवाय राहवत नाही, हे मी बघितलं आहे.

पायरी तिसरी: परीक्षेचा आकडा म्हणजे नेमकं काय

राज्याची परीक्षा एनजेएसएलए, म्हणजे न्यू जर्सी स्टुडंट लर्निंग असेसमेंट. इंग्रजी तिसरी ते नववी. गणित तिसरी ते आठवी आणि पुढे अल्जिब्रा, जॉमेट्री अशा विषयवार परीक्षा. विज्ञान पाचवी, आठवी आणि अकरावीला. इंग्रजी आणि गणिताचे गुण ६५० ते ८५० या पट्टीवर मिळतात आणि ७५० ही रेघ आहे. एकूण पाच पातळ्या. चौथ्या आणि पाचव्या पातळीतली मुलं "अपेक्षेइतकी किंवा त्याहून पुढे" धरली जातात, आणि अहवालात ठळक छापलेला टक्का हा या दोन पातळ्यांचा मिळून असतो.

२०२३ मध्ये राज्यभरात हा टक्का इंग्रजीत सुमारे ५१ आणि गणितात सुमारे ३८ होता. म्हणजे राज्यातली निम्मी मुलं इंग्रजीत नापास, असा अर्थ आपण पटकन काढतो, कारण आपल्या डोक्यात ३५ गुणांची पासाची रेघ पक्की बसलेली आहे. तसा तो नाही. ७४८ मिळालेलं मूल आणि ६६० मिळालेलं मूल दोघंही रेघेखालीच मोजली जातात. म्हणून नुसता टक्का न बघता पाचही पातळ्यांची वाटणी बघा. दोन डिस्ट्रिक्ट्सचा टक्का सारखा असूनही एकात उरलेली मुलं तिसऱ्या पातळीत, म्हणजे उंबरठ्यावर असतात आणि दुसऱ्यात पहिल्या पातळीत अडकलेली असतात. ज्याचं मूल मधल्या फळीतलं आहे त्याच्यासाठी हा फरक ठळक टक्क्यापेक्षा मोठा आहे.

या टक्क्याची तुलना राज्याबाहेर नेऊ नका. प्रत्येक राज्य आपली रेघ आपण आखतं. व्हर्जिनियाची वाचनाची रेघ अनेक वर्षं देशातल्या सर्वांत खालच्या रेघांपैकी होती. तिथल्या मावसभावाच्या शाळेत ७५ टक्के मुलं रेघेवर आहेत आणि तुमच्या शाळेत ६०, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मागच्या वर्षांशी तुलना करतानाही जपून. २०१५ ते २०१८ पार्क नावाची परीक्षा होती, एनजेएसएलए २०१९ पासूनची, आणि करोनामुळे २०२० आणि २०२१ च्या वसंतातले निकालच नाहीत. एकाच वर्षाचा आकडा घेऊन हुरळू नका किंवा घाबरू नका. लहान प्राथमिक शाळेत एका इयत्तेत साठ मुलं असली तर चार-पाच मुलांनी टक्का सात-आठने हलतो. निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा.

पायरी चौथी: आठवीच्या गणिताचा सापळा

ही पायरी माहीत नसलेला माणूस हमखास उलटा निष्कर्ष काढतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राज्याच्या तक्त्यात आठवीच्या गणिताचा टक्का बघितला तर धक्का बसतो. २०२३ मध्ये पाचातल्या एकाहून कमी मुलं रेघेवर होती. सातवीपर्यंत बरी चाललेली गाडी आठवीत रुळांवरून घसरते की काय, असं वाटतं. कारण साधं आहे. जी मुलं आठवीत असतानाच अल्जिब्रा-१ शिकतात ती आठवीच्या गणिताची परीक्षा देतच नाहीत, अल्जिब्रा-१ ची देतात. राज्यभरात अशी हजारो मुलं आहेत, आणि साहजिकच ती गणितात पुढे असलेली आहेत. ती वजा झाल्यावर जी उरली, त्यांचा तो टक्का आहे.

आता डिस्ट्रिक्टची तुलना करा. एका गावात फक्त निवडक मुलांना आठवीत अल्जिब्रा मिळतो. त्यामुळे हुशार पण निवडीत न बसलेली बरीच मुलं आठवीच्या परीक्षेत राहतात आणि टक्का छान दिसतो. दुसऱ्या गावात निम्म्याहून जास्त मुलांना अल्जिब्रा मिळतो, मागे उरलेल्यांचा टक्का खाली जातो, आणि तक्त्यात हे दुसरं गाव राज्याच्या बरोबरीचं किंवा मागे दिसतं. प्रत्यक्षात गणिताची दारं कुणी जास्त उघडी ठेवली? दुसऱ्याने.

हे पकडायची युक्ती एक्सेल फाइलमध्ये आहे. शिक्षण विभाग प्रत्येक परीक्षेची स्वतंत्र फाइल देतो, त्यात किती मुलांचे गुण धरले याचा रकाना असतो. आठवीच्या इंग्रजीत मानू या १,२०० मुलं आहेत आणि आठवीच्या गणितात ५००. म्हणजे ७०० मुलं वरच्या गणिताला गेली. ही वाटणी आधी लिहून काढा, मग अल्जिब्रा-१ चा निकाल बघा. राज्याच्या अल्जिब्रा-१ च्या आकड्यात नववीत हा विषय पहिल्यांदा शिकणारी मुलंही मिसळलेली असतात, त्यामुळे तिथेही सरळ तुलना चालत नाही. वेळ कमी असेल तर माझा सल्ला असा की गणितासाठी तिसरी ते सहावी एवढंच धरा. तिथे जवळपास सगळी मुलं एकच परीक्षा देतात.

पायरी पाचवी: सारख्या मुलांची सारख्या मुलांशी तुलना

आता मूळ मुद्दा. राज्याची सरासरी म्हणजे न्यूआर्क-कॅमडेनसारखी गरीब शहरं, एडिसन, श्रीमंत मिलबर्न आणि दक्षिणेकडची शेतीवाडीची गावं, सगळी एकत्र. एडिसनमध्ये निम्म्याहून बरीच अधिक मुलं आशियाई वंशाची आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे आईवडील दोघंही पदवीधर आहेत. अशा गावाचा आकडा राज्याच्या वर असणारच. प्रश्न आहे तो, असायला हवा तितका वर आहे का.

अहवालात प्रत्येक निकाल गटवार दिलेला असतो: आर्थिकदृष्ट्या दुर्बल, अपंगत्व असलेली, इंग्रजी शिकत असलेली बहुभाषक मुलं, आणि वंशवार. या गटांतून गणित करता येतं. खालचे आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा राज्यात ४० टक्के मुलं दुर्बल गटातली आणि ६० टक्के बाकीची. दुर्बल गटातली २५ टक्के रेघेवर, बाकीच्यांतली ६० टक्के. राज्याचा एकूण टक्का: १० अधिक ३६, म्हणजे ४६.

पहिलं गाव सुस्थितीतलं. दुर्बल गट फक्त १० टक्के. गावाचा टक्का ५८. राज्यापेक्षा १२ ने पुढे, घरांच्या जाहिरातीत घालण्याजोगं. पण राज्यातले गटवार टक्के या गावाच्या वाटणीला लावून बघा: १० टक्क्यांचे २५ टक्के म्हणजे अडीच, ९० टक्क्यांचे ६० टक्के म्हणजे ५४. बेरीज ५६.५. मुलांची हीच वाटणी असलेलं, राज्याच्या सर्वसाधारण चालीचं कुठलंही डिस्ट्रिक्ट ५६.५ पर्यंत पोचलंच असतं. या गावाची खरी आघाडी दीड टक्क्याची.

दुसऱ्या गावात दुर्बल गट ८० टक्के आणि एकूण टक्का ३८. राज्यापेक्षा ८ ने मागे. ग्रुपवर कुणी नावही काढणार नाही. गणित करा: ८० चे २५ टक्के म्हणजे २०, २० चे ६० टक्के म्हणजे १२. अपेक्षा ३२ ची, मिळाले ३८. हे गाव सहाने पुढे आहे.

असं गाव कल्पनेतलंच असतं असं नाही. हडसन काउंटीतलं युनियन सिटी, बहुतांश लॅटिनो आणि गरीब वस्तीचं, याच कारणासाठी शिक्षणाच्या अभ्यासकांत नावाजलेलं आहे.

तुमच्या डिस्ट्रिक्टसाठी हे गणित करताना एकच गट-जोडी घ्या. वंश आणि उत्पन्न एकत्र मिसळायला गेलात तर आकडे एकमेकांवर चढतात, कारण एकच मूल दोन्ही याद्यांत असतं. आणि आपल्या मुलाच्या गटाचा आकडा स्वतंत्रपणे जरूर बघा. मुलाला आयईपी असेल, म्हणजे विशेष शिक्षणाची योजना लागू असेल, तर डिस्ट्रिक्टची सरासरी तुमच्या फारशी कामाची नाही. त्या गटाचा टक्का राज्यातल्या त्याच गटाशी ताडून बघा. नावाजलेल्या गावांत या ओळीवर कधी कधी चेहरा बदलतो.

एक कटू गोष्टही इथेच. आपल्या वस्तीच्या गावांतले गणिताचे गुण म्हणजे सगळी शाळेचीच कमाई नव्हे. संध्याकाळी कुमोन, शनिवारी स्पर्धा परीक्षांचा क्लास, सुट्टीत पुढच्या इयत्तेचं पुस्तक. त्याचा खर्च पालकांचा आणि श्रेय डिस्ट्रिक्टचं. कुठलाही तक्ता हे वेगळं करून दाखवत नाही. तुम्ही क्लास लावणाऱ्यांतले नसाल, तर हा हिशेब मनात असू द्या.

पायरी सहावी: वाढ बघा

मूल कुठे आहे यापेक्षा वर्षभरात किती पुढे सरकलं, हे शाळेच्या कामाच्या जास्त जवळचं माप आहे. न्यू जर्सीत त्यासाठी 'स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' काढतात. मागच्या परीक्षांत साधारण तेवढेच गुण मिळवलेल्या राज्यभरातल्या मुलांशी प्रत्येक मुलाची तुलना करून त्याला १ ते ९९ मधला अंक देतात. डिस्ट्रिक्टसाठी मधला अंक, म्हणजे मीडियन, छापतात. ५० च्या आसपास म्हणजे राज्याची सर्वसाधारण चाल. ४० च्या खाली गेला तर विचारायला हवं.

टक्का ७० आणि वाढ ३८ असलेलं डिस्ट्रिक्ट म्हणजे मुलं तयार होऊन येतात आणि शाळा त्यांना रेंगाळू देते. टक्का ४० आणि वाढ ६० असलेलं म्हणजे उलट. घराच्या किमती पहिल्याच्या चढ्या असतात, हे सांगायला नको.

याच कामासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचं एज्युकेशन डेटा आर्काइव्ह आहे. समाजशास्त्रज्ञ शॉन रीअर्डन यांच्या चमूने देशभरातल्या राज्य परीक्षांचे तिसरी ते आठवीचे निकाल एका राष्ट्रीय पट्टीवर आणून ठेवले आहेत. डिस्ट्रिक्टचं नाव टाकलं की सरासरी आणि शिकण्याचा वेग दोन्ही दिसतात. सरासरी गुणांचं नातं कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी फार घट्ट आहे, वेगाचं तितकं नाही, हा त्यातला मोठा निष्कर्ष. टेक्सासहून जर्सीला येणाऱ्यांनी तरी हेच वापरावं, कारण राज्याबाहेरची तुलना इथेच रास्त होते.

पायरी सातवी: हायस्कूल

चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा राज्याचा टक्का २०२३ मध्ये ९१.१ होता. तुमचं डिस्ट्रिक्ट ९५ वर असेल तर छान, पण या आकड्यावर निर्णय घेऊ नका. सुस्थितीतली सगळीच गावं तिथे गर्दी करून असतात.

एपी विषयांचं, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचं बघताना किती मुलांनी विषय घेतला आणि किती जणांना ३ किंवा अधिक गुण मिळाले, हे दोन्ही हवं. सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या सरासरीत क्लासेसचा वाटा मोठा, म्हणून मी तिला फार भाव देत नाही. एडिसनमध्ये आणखी एक गुंता आहे: काउंटीची विज्ञान-गणित-अभियांत्रिकीची मॅग्नेट अकॅडमी गावातच आहे, पण ती काउंटीच्या वेगळ्या डिस्ट्रिक्टखाली येते. प्रवेश परीक्षा देऊन तिथे गेलेल्या एडिसनच्या मुलांचे गुण एडिसनच्या खात्यात धरले जात नाहीत. पहिल्या फळीतली काही मुलं अशी वजा होऊनही एडिसनचा आकडा उभा आहे, हे लक्षात घ्या.

पायरी आठवी: गैरहजेरी

शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस न येणाऱ्या मुलांचा टक्का. राज्यात २०१८-१९ मध्ये तो साधारण १०.६ होता, २०२१-२२ मध्ये १८ च्या पुढे गेला, २०२२-२३ मध्ये १६.६. डिस्ट्रिक्ट राज्याच्या बरंच खाली आहे का एवढं बघा. हायस्कूलचा आकडा वेगळा काढा, कारण बारावीची मुलं सरासरी बिघडवतात. भारतात डिसेंबरभर जाऊन राहणारी कुटुंबंही या आकड्यात असतात. शाळेने रजा मंजूर केली म्हणून गैरहजेरी मोजणीतून सुटेलच असं नाही.

पायरी नववी: पैसा आणि कर

शिक्षण विभागाचं 'टॅक्सपेयर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग' प्रत्येक विद्यार्थ्यामागचा खर्च देतं. तिथे डिस्ट्रिक्ट्स प्रकार आणि पटसंख्येनुसार गटांत मांडलेली असतात. एडिसनची तुलना राज्याच्या सरासरीशी न करता मोठ्या, बारावीपर्यंतच्या डिस्ट्रिक्ट्सच्या गटाशी करा. आठवीपर्यंतच्या छोट्या डिस्ट्रिक्टचा खर्च मुळातच वेगळ्या तऱ्हेचा असतो.

जास्त खर्च म्हणजे चांगली शाळा, असं समीकरण इथे जुळत नाही. अ‍ॅबट विरुद्ध बर्क या १९८१ मध्ये दाखल झालेल्या खटल्यातून ३१ गरीब डिस्ट्रिक्ट्सना राज्याने जादा पैसा द्यावा असं ठरलं, आणि २००८ च्या कायद्याने निधीचं सूत्र पुन्हा बदललं. त्यामुळे प्रति विद्यार्थी खर्चात काही गरीब शहरं श्रीमंत गावांच्या पुढे दिसतात. ते गरजेपोटी आहे.

कराचं म्हणाल तर राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल २०२४ मध्ये पहिल्यांदा १०,००० डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग शाळांचा. दोन गावांचे कराचे जाहीर दर एकमेकांशी लावू नका. एका गावात घरांचं मूल्यांकन जुनं असतं, दर मोठा दिसतो. दुसऱ्यात नुकतंच झालेलं असतं, दर लहान दिसतो. तुलनेसाठी 'इफेक्टिव्ह टॅक्स रेट' घ्या, किंवा सरळ बिलाच्या रकमेला घराच्या बाजारभावाने भागा.

पायरी दहावी: बोर्डाच्या सभेची कागदपत्रं

न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टला परीक्षेचे निकाल स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या कारभारी मंडळाच्या, जाहीर सभेत मांडावे लागतात. त्या सादरीकरणाच्या स्लाइड्स बहुधा डिस्ट्रिक्टच्या साइटवर सापडतात आणि त्यांत डिस्ट्रिक्ट विरुद्ध राज्य असे तक्ते तयार असतात. कुठली इयत्ता गाळली आहे आणि कुठला गट शेवटच्या स्लाइडवर ढकलला आहे ते बघा. मग सभेत जा. रहिवासी नसलात तरी ऐकायला मज्जाव नसतो. पालक माइकवर काय तक्रार करतात, बसबद्दल, वर्गातल्या गर्दीबद्दल, रिकाम्या राहिलेल्या विशेष शिक्षकाच्या जागेबद्दल, ते एका संध्याकाळी कळतं.

आता एक कागद घ्या आणि दोन-तीन डिस्ट्रिक्ट्ससाठी पाचच ओळी भरा: तिसरी ते सहावीचा गणिताचा टक्का तीन वर्षांचा, गटांची वाटणी लावून काढलेला अपेक्षित टक्का, वाढीचा अंक, तुमच्या मुलाच्या गटाचा टक्का, आणि तुमच्या घराचं अंदाजे कराचं बिल. पहिल्या दोन ओळींतला फरक तीन टक्क्यांच्या आत असेल तर तो नाहीच असं समजा, आणि मग कामावर जायला किती वेळ लागतो यावर घर ठरवा.